एसीचा फिल्टर घरीच बदला

गळीत हंगामात वडगाव निंबाळकरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी असते. काचा बंद असल्या तरी एसीतून ती आत येते. तिला अडवणारा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. दहा मिनिटांच्या या कामाला गॅरेजची मजुरी कशाला? कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली झुकवा, झाकण काढा, फिल्टर ओढा. नव्यावरचा बाण जुन्याच्याच दिशेने हवा; इथे चूक सहज होते. हवा मारून जुनाच बसवणे मला पटत नाही. बारीक काजळी निघत नाही, फिल्टर मात्र फाटू शकतो. हंगाम संपला की उघडून बघाच. काळा निघाला तर पुस्तिकेतले किलोमीटर मोजत बसू नका.