आरपार दगड

दहावीचा निकाल लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघर तीच वाटणी होते. मार्क असले तर सायन्स, नसले तर आर्ट्स. ज्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकच शाखा आहे, तिथल्या मुलींनी काय शिकायचे हे तर एसटीची वेळ आणि घरच्यांची परवानगीच ठरवते. सोळाव्या वर्षी झालेली ही फारकत मग आयुष्यभर टिकते. इंजिनिअर झालेल्या मुलाने पुन्हा कवितेचे पुस्तक उघडले नाही, तरी त्याला काही वाटत नाही. आपण साहित्यिक मंडळीही 'गणिताशी माझे कधी जमले नाही' असे व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या घेतो. सी. पी. स्नो यांनी 1959 साली केंब्रिजच्या व्याख्यानात या दुराव्याला 'दोन संस्कृती' असे नाव दिले. त्यांच्यासमोर इंग्लंडमधले विद्वान होते. आपल्याकडे हा दुरावा राहत्या घरांपर्यंत पोहोचला, म्हणून यंदाच्या अंकाचा विषय तोच ठेवला आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, चारच्या जरा आधी भूकंप झाला. किल्लारी पलीकडे लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे आपली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या भूकंपक्षेत्रात होता. 1992 साली मात्र किल्लारीच्या आसपास जमीन अनेकदा हादरली होती आणि लोकांनी ते अनुभवले होते.

माणसे मारली ती भिंतींनी. तज्ज्ञांनी ढिगारे तपासले तेव्हा कारण स्पष्ट दिसले. दोन-अडीच फूट जाडीची भक्कम वाटणारी भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन भिंती होत्या, एक आतल्या अंगाची, एक बाहेरच्या अंगाची, मधे माती आणि चिपा. दोन्ही अंगांना शिवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. जमीन हलली तशी ती अंगे एकमेकांपासून सुटली आणि वर्षानुवर्षे माती टाकून जड झालेले माळवद खाली आले. आपल्या शिक्षणाकडे पाहिले की आम्हाला हीच भिंत दिसते.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत झाली, आणि ती बांधणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आखताना बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, बायकांनी दोन घटका बोलत कुठे बसायचे, हे फारसे कुणी विचारले नाही. लोकांनी मग आपल्या हातांनी पत्र्याच्या पडव्या काढल्या. आणि आपण लेखक? भूकंपावर आपण पुष्कळ रडलो. भिंत का पडली हे समजून घेऊन लिहिणारे मात्र थोडेच निघाले. ही उणीव आम्हाला अजून सलते.

याच जिल्ह्यात वेगळे उदाहरणही उभे आहे. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बांधला गेला. तो मीर मुहम्मद इमादीन या स्थापत्यकाराचा. पाण्याचा दाब पेलणाऱ्या भिंतीच्या पोटातच त्याने महाल काढला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळू लागले की पाणीमहालाच्या खिडकीतून समोर पडणारे पाणी पाहता येते. ज्याच्या राज्यात हे घडले तो सुलतान दखनीत गीते रचणारा आणि संगीतात बुडालेला होता, 'किताब-ए-नवरस' त्याचेच. दाबाचा हिशेब आणि पाणी डोळ्यांना कसे दिसेल याची ओढ, दोन्ही एकाच कामात उतरली. चारशे वर्षांनंतरही तो बांध उभा आहे.

जानेवारी 2020 मध्ये 93 वे मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरले. पुढचे नाशिकला झाले आणि त्याचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे गेले. वैज्ञानिकाला हा मान द्यायला आपल्याला 94 व्या संमेलनापर्यंत वेळ लागला. याच नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या कीर्तीचे ओझे परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला बक्षीस मिळाले. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ मराठी कथेच्या स्पर्धेत असा साधेपणाने उतरतो, ही गोष्ट आपल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

आता वाचकांकडे एक काम मागतो. 1993 साली ऐन तारुण्यात असलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आधीची पिढी झपाट्याने कमी होते आहे. लोहारा आणि उमरगा तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी एक विज्ञानाचा आणि एक कला शाखेचा विद्यार्थी अशा जोड्या कराव्यात. त्यांनी मिळून एकेका जुन्या घराची नोंद करावी: भिंतीची जाडी, खणांची संख्या, माळवदावरची माती, त्याचबरोबर त्या घरातली बाळंतपणे, भांडणे, सण आणि ती पहाट. माप दोघांनी घ्यावे, ऐकावे दोघांनी, लिहावेही दोघांनी. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत आलेल्या नोंदी पुढच्या दिवाळी अंकात दोघांच्याही नावाने छापू.