दीडशे तासांचा हिशेब

परवा रविवारी सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत मी एका नर्सिंग कॉलेजच्या व्हरांड्यात बसून होतो. मांडीवर भाचीचा चार वर्षांचा मुलगा, पिशवीत त्याचा डबा, आणि आत हॉलमध्ये भाची. ती नर्स आहे, इथे नागपुरातच एका खाजगी दवाखान्यात. (नाव लिहीत नाही. हा ब्लॉग घरातले सगळे वाचतात आणि मग तिचा फोन येतो.) पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याचं तिथं काय काम, असं तुम्ही विचाराल. तर तिच्या नोंदणीचं नूतनीकरण चार महिन्यांवर आलंय आणि तिचे तास कमी पडताहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या राज्यात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेलं असावं लागतं. त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि भारतीय परिचर्या परिषदेनं त्यासाठी माप ठरवलंय ते पाच वर्षांत दीडशे तास शिक्षणाचं. म्हणजे वर्षाला तीस तास. कार्यशाळा करायच्या, व्याख्यानं ऐकायची, प्रमाणपत्रं जमवायची.

ऐकायला तीस तास म्हणजे काहीच नाही. पण भाचीचं बघा. महिन्यातल्या कितीतरी रात्री ड्यूटी. मधे बाळंतपण झालं, मग सासूबाईंचं आजारपण. कार्यशाळा रविवारी, म्हणजे हक्काची सुट्टी गेली. फी स्वतःच्या खिशातून. दवाखान्याला नोंदणीचा कागद चालू तारखेचा हवा, पण त्यासाठी एक दिवस ड्यूटीतून सोडायचं म्हटलं की यांच्याकडे माणसं कमी! नोंदणी संपली तर मात्र नोकरी तिची जाणार.

आता माझं मत. काही जण म्हणतात हे सगळं बंद करा, एकदा परीक्षा पास झाली की झालं. मला ते पटत नाही. आमच्या लहानपणी काचेची सिरिंज पाण्यात उकळून तीच पुढच्याला वापरायचे, आज तसं कोणी केलं तर आपण पोलिसात जाऊ. हृदय बंद पडलेल्या माणसाला आधी तोंडानं श्वास द्यायचा असं शिकवत असत. २०१० मध्ये तो क्रम बदलला, आधी छाती दाबायची असं ठरलं. २००५ साली पास झालेल्या सिस्टरला हे कोणी सांगितलंच नाही तर? करोनात रोग्याला पालथं झोपवलं की ऑक्सिजन सुधारतो, हेही आपण सगळ्यांनी तेव्हाच ऐकलं. तेव्हा शिकत राहणं हवंच.

माझं भांडण तास मोजण्याशी आहे. मी स्वतः यातून गेलो आहे ना! वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आम्हा मास्तरांना तीन आठवड्यांचं प्रशिक्षण असायचं. मागच्या बाकावर कोणी पेपर तपासतंय, कोणी स्वेटर विणतंय, आणि आम्ही एकदोघे सरळ झोपलेले. सही केली की दिवस भरला. त्या तीन आठवड्यांतली एकच दुपार मला आज आठवते. एका बाईंनी आम्हाला मुलांच्याच चुकीच्या वह्या वाटल्या आणि विचारलं, हे मूल असं का लिहितंय ते सांगा. त्या दुपारनंतर मी शुद्धलेखन वेगळ्या तऱ्हेनं शिकवायला लागलो. बाकीचे दिवस नुसती हजेरी.

व्हरांड्यातून मला तेच ऐकू येत होतं. माईकवरून कोणीतरी पडद्यावरचं वाचून दाखवत होतं, तेही इंग्रजीत. जेवणानंतर मात्र आत एकदम गलका झाला. खिडकीतून पाहिलं तर जमिनीवर एक रबरी पुतळा आणि एकेक सिस्टर गुडघे टेकून त्याची छाती दाबतेय, शिकवणारे ओरडताहेत, "अजून जोरात!" भाची बाहेर आली ती घामाघूम. म्हणाली, "मामा, हे मात्र कामाचं होतं जी. सकाळपासून मी कुठं शिकून राहिली होती, तास भरून राहिली होती."

आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या सौ. दवाखान्यात होत्या, शस्त्रक्रियेसाठी. त्यांना जुना मधुमेह. तिसऱ्या रात्री त्या शांत झोपल्या होत्या, निदान मला तरी तसंच वाटलं. सिस्टर सलाईन बघायला आली, कपाळाला हात लावला, आणि लगेच बोटातून रक्त काढून साखर तपासली. एकदम खाली गेलेली! धावपळ करून ग्लुकोज दिलं. सकाळी मी विचारलं, बाई, तुम्हाला कळलं कसं? ती म्हणाली, "काका, असाच थंड घाम नवीन असताना एका पेशंटला आला होता. मला वाटलं, गरम होतंय म्हणून. तेव्हापासून मी हात लावल्याशिवाय पुढे जात नाही." हे तिचं शिक्षण कोणत्या प्रमाणपत्रात मोजणार?

इंग्लंडमध्ये यावर एक तोड काढली आहे. २०१६ पासून तिथल्या नर्सेसना दर तीन वर्षांनी नूतनीकरणासाठी पस्तीस तासांच्या शिक्षणाबरोबर स्वतःचे पाच अनुभव लिहावे लागतात : काय घडलं, काय चुकलं, आता मी काय वेगळं करते. मग त्यावर दुसऱ्या नर्सशी बसून बोलायचं. मला हे फार आवडलं. २०२३ मध्ये आपल्या संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. नवे नियम लिहिणाऱ्यांनी निम्मे तास तरी असे ठेवावेत : काही पुतळ्यावर हात चालवून, काही स्वतःच्या वॉर्डातले अनुभव लिहून. आणि तो वेळ ड्यूटीत धरायची सक्ती दवाखान्यांवर करावी, ही माझी मुख्य मागणी आहे.

भाचीला हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "मामा, तुम्ही टाचण कसं लिहायचे?"

आता खरं सांगायचं तर मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवायचो. हेडमास्तरांना ठाऊक होतं, त्यांनीही तेच केलेलं. तिचं म्हणणं, तिकडेही तसंच होईल, पाच अनुभव बाजारात विकत मिळतील. होतीलही काही जणींचे. पण त्या रात्रीच्या सिस्टरनं एक पान जरी लिहिलं तर ते मला वाचायचंय, आणि माझ्या भाचीनंही वाचावं असं वाटतं.

असो. अजून बारा तास बाकी आहेत. येत्या रविवारी परत व्हरांडा, परत डबा. या खेपेला मुलासाठी चित्रांचं पुस्तक नेणार आहे, मागच्या वेळी त्यानं माझ्या चष्म्याची काडी मोडली.