विश्लेषण : जुन्या पिकअपला नवे डिझेल इंजिन... भंगार आणि चोरवाट यांच्यामध्ये तिसरा रस्ता का नको?

चॅसी धडधाकट, पाटे शाबूत, पण इंजिन संपलेले. अशा जुन्या पिकअपचे काय करायचे? अमेरिकेत या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर आहे : इंजिन बदलायचे. जुने पेट्रोल इंजिन काढून तिथे दणकट डिझेल इंजिन बसवणे हा तिथे छंदही आहे आणि गॅरेजवाल्यांचा धंदाही. आपल्याकडे मात्र अशा गाडीच्या मालकासमोर दोनच वाटा असतात. गाडी मोडीत काढायची किंवा गुपचूप काहीतरी ‘जुगाड’ करायचा. अमेरिकेत हे काम कसे होते, तिथला कायदा त्याला कुठे आवर घालतो आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे पाहू.

कोणत्या इंजिनाला एवढी मागणी?

१९७० आणि १९८० च्या दशकांतील अमेरिकी हेवी ड्यूटी पिकअप प्रामुख्याने पेट्रोलच्या आठ सिलिंडरी इंजिनांवर चालत. गाडीचे लोखंड मजबूत, पण मागे ट्रेलर जोडला की पेट्रोल पाण्यासारखे जाई. डॉज कंपनीने १९८९च्या मॉडेलपासून आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन द्यायला सुरुवात केली. हे इंजिन मुळात कारसाठी बनलेले नव्हते. शेतीची आणि बांधकामाची यंत्रे बनवणाऱ्या केस कंपनीसोबत कमिन्सने ते विकसित केले होते. सुरुवातीला त्याची ताकद १६० अश्वशक्तीच होती, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, सुमारे ५४० न्यूटन-मीटर होता आणि तोही अगदी कमी फेऱ्यांवर मिळे.

या इंजिनाचे घराणे महाराष्ट्राला अनोळखी नाही. किर्लोस्करांच्या भागीदारीत कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात आली. पुढे १९९३ मध्ये टाटा कमिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि याच ‘बी’ मालिकेची इंजिने जमशेदपूरला टाटांच्या ट्रकसाठी बनू लागली. सातारा जिल्ह्यातील फलटणलाही या कंपनीचा कारखाना आहे.

१९९८ पर्यंतच्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाची खासियत म्हणजे त्याला संगणक लागत नाही. डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. बंद-चालू करणाऱ्या सोलेनॉइडला वीज आणि पंपाला डिझेल मिळाले की इंजिन चालते. त्यामुळेच फोर्ड, शेव्हरोले अशा कोणत्याही जुन्या पिकअपमध्ये ते बसवण्याची टूम निघाली.

फक्त इंजिन बदलले की काम संपते?

नाही, आणि हौशी मंडळींचा अंदाज इथेच चुकतो. हे इंजिन साधारण ५०० किलोचे आहे, जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड. त्यामुळे पुढच्या स्प्रिंग बदलाव्या लागतात, चॅसीवर नवे माउंटिंग वेल्ड करावे लागते आणि पुढचा ॲक्सल हा भार पेलतो का, ते तपासावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲडॉप्टर प्लेट लागते. फ्लायव्हील आणि क्लच वेगळे लागतात आणि बहुतेकदा गिअरबॉक्सही बदलावा लागतो, कारण पेट्रोल इंजिनाचा गिअरबॉक्स डिझेलचे हिसके फार काळ सोसत नाही.

मग येतो क्राऊन-पिनियनचा हिशेब. ३१ इंची टायर असलेल्या गाडीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ६७५ वेळा फिरते. क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर ४.१० असेल तर चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला पावणेतीन हजारांहून अधिक फेऱ्या घ्याव्या लागतील. या इंजिनाचा गव्हर्नर मुळात अडीच हजारांच्या आसपास लगाम घालतो. म्हणजे ताकद भरपूर असूनही गाडी महामार्गावर ९० च्या पुढे जाणार नाही. त्यावर दोन उपाय आहेत : पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर असलेला गिअरबॉक्स किंवा ३.५४ सारखे कमी गुणोत्तर.

ब्रेकची गोष्ट त्याहून गंभीर आहे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी निर्वात पोकळी तयार करते, तिच्या जोरावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे ही पोकळी तयार होत नाही. व्हॅक्यूम पंप किंवा हायड्रॉलिक बूस्टर बसवला नाही, तर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते. याशिवाय मोठा रेडिएटर, इंटरकूलर आणि उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळी लागते. खुद्द इंजिनातही एक प्रसिद्ध खोड आहे. टायमिंग गिअरच्या कव्हरमागची एक छोटी पोलादी पिन सैल होऊन गिअरमध्ये पडली, तर इंजिनाची वाट लागते. जाणकार मिस्त्री इंजिन बसवण्याआधीच त्या पिनेवर पट्टी ठोकतो.

थोडक्यात, इंजिन हा या कामाचा निम्माच भाग आहे. उरलेल्या निम्म्या भागावर ती गाडी सुरक्षित आहे की नाही, हे ठरते.

अमेरिकेचा कायदा काय म्हणतो?

‘अमेरिकेत काहीही चालते’ असा आपला समज असतो. तो खरा नाही. तिथल्या स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकणे हा गुन्हा आहे. इंजिन बदलण्याबाबत पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ‘ईपीए’चे, सूत्र ढोबळमानाने असे आहे : बसवलेले इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे, ते त्या वर्गाच्या गाडीसाठी प्रमाणित झालेले असावे आणि त्याच्यासोबत आलेली सर्व प्रदूषण नियंत्रण यंत्रणाही बसवलेली असावी. म्हणजे १९७९च्या जड पिकअपमध्ये १९८९चे इंजिन या सूत्रात बसू शकते, पण २००५च्या पिकअपमध्ये १९८९चे इंजिन चालणार नाही. कॅलिफोर्नियात तर इंजिन बदललेली गाडी सरकारने नेमलेल्या रेफरीकडे तपासणीला न्यावी लागते.

हे सूत्र साधे आहे. सामान्य मिस्त्रीलाही ते कळते आणि त्याला पुढे जायची मुभाही देते. काळाच्या पुढे जा, मागे जाऊ नका, एवढाच त्याचा अर्थ.

सोपे इंजिन स्वच्छही असते का?

इथे बारा व्हॉल्व्हच्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट सांगायला हवी. दुरुस्तीला सोपे इंजिन फुप्फुसांना सोपे नसते. १९८८ ते १९९० या काळात अमेरिकेत जड डिझेल इंजिनांना प्रति अश्वशक्ती-तास ०.६० ग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. २००७ पासून ही मर्यादा ०.०१ ग्रॅमवर आली, म्हणजे ६० पट कमी. हा फरक पार्टिक्युलेट फिल्टर आणि नेमक्या क्षणी नेमके डिझेल फवारणाऱ्या संगणकीय यंत्रणेने घडवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केली. जुन्या इंजिनाचा दणकटपणा पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.

नियम असूनही पळवाटा शोधल्या जातातच. ‘ईपीए’च्या २०२० मधील अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. याला फक्त गॅरेजवाले जबाबदार आहेत, असेही नाही. पिकअपच्या इंजिनांत चाचणीला चकवा देणारी सॉफ्टवेअर यंत्रणा असल्याच्या आरोपावरून खुद्द कमिन्सने २०२३ च्या अखेरीस १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याची तडजोड मान्य केली. कंपनीने गैरकृत्य केल्याचे मात्र मान्य केले नाही. धडा असा, की केवळ कागदावर विसंबून चालत नाही. सायलेन्सरमधून काय बाहेर पडते, तेही मोजावे लागते.

भारतात काय परिस्थिती आहे?

पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत मोठी तफावत होती, त्या काळात आपल्याकडेही पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणारे कारागीर गावोगाव होते. हे कौशल्य आपल्याला नवे नाही. कायदा मात्र आता कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आणले. त्यानुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन आरटीओच्या मंजुरीने बसवता येते. पण याचा परिणाम काय होतो, ते पाहा. बीएस-दोन काळातील पिकअपचे इंजिन गेले, तर मालकाने तसेच जुन्या मानकाचे इंजिन बसवणे कायदेशीर ठरते. तोच मालक अधिक स्वच्छ इंजिन बसवायला गेला, तर त्याला स्पष्ट वाट सापडत नाही. अमेरिकेचे सूत्र ‘मागे जाऊ नका’ असे सांगते, आपले ‘जिथे आहात तिथेच राहा’ असे. हवेच्या दृष्टीने हे उफराटे आहे.

गंमत म्हणजे, इंजिन बदलण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. कलम ५२ मध्येच सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीवर चालण्यासाठी मंजूर किट बसवण्याची सोय आहे. २०२२ मध्ये केंद्राने ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-सहा गाड्यांतील डिझेल इंजिन काढून त्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याची तरतूद केली. म्हणजे दार आहे, पण जुन्या गाडीत अधिक स्वच्छ डिझेल इंजिन बसवायचे असेल, तर ते स्पष्टपणे उघडलेले नाही.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप चोरीच्या इंजिनांचा. इंजिन क्रमांकाची अफरातफर हा आपल्याकडचा जुना रोग आहे, हे खरे. पण वाहनांच्या नोंदी आता ‘वाहन’ प्रणालीत ऑनलाइन आहेत. मोडीत काढलेल्या गाडीचे इंजिन नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राच्या प्रमाणपत्रासह विकले गेले, तर ते कुठून आले हे शोधणे आजच्यापेक्षा सोपे होईल. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. जुन्या गाडीला एअरबॅग मिळणार नाहीत आणि गंजलेली चॅसी इंजिन बदलून नवी होत नाही. म्हणूनच परवानगीची पहिली अट चॅसी आणि ब्रेक यांची तपासणी हीच हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बीएस-सहा इंजिन म्हणजे केवळ लोखंड नाही. फिल्टर, सेन्सर, संगणक, वायरिंग, अनेक मॉडेलमध्ये युरियाची टाकीही त्यासोबत येते. हे सगळे जुन्या गाडीत नीट बसवणे रस्त्याकडेच्या गॅरेजला झेपणारे नाही. त्यामुळे सरसकट मुभा देणे चुकीचे ठरेल. एकेका गाडीला वेगळी परवानगी देण्याऐवजी मॉडेलनिहाय किट मंजूर करावेत. सीएनजी किटची पद्धत अशीच आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांना अशा चाचण्यांचा दीर्घ अनुभव आहे.

मग नेमके काय करावे?

छोट्या मालवाहू गाड्यांपुरता एक मर्यादित मार्ग आखावा. त्याच्या अटी चार असाव्यात. बसवले जाणारे इंजिन जुन्यापेक्षा वरच्या मानकाचे हवे. त्याची संपूर्ण प्रदूषण यंत्रणा सोबत हवी. ब्रेक, ॲक्सल आणि चॅसी यांची तपासणी स्वयंचलित केंद्रात व्हावी. आणि पीयूसीची मर्यादा गाडीच्या जन्मवर्षावर नव्हे, तर बसवलेल्या इंजिनावर ठरावी.

ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण कळीची आहे. जुन्या डिझेल गाड्यांना धुराच्या चाचणीत ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत मुभा आहे. बीएस-चारला ती ५० आहे. नव्या इंजिनाची गाडी जुन्याच मर्यादेने तपासली, तर मालक फिल्टर काढून विकेल आणि तरीही पीयूसीत पास होईल. आरसीवर इंजिनाचे मानक नोंदवले, तर ही पळवाट बंद होईल.

हा मार्ग सर्वांना परवडणार नाही. ज्याची चॅसीच गेली आहे, त्याने गाडी मोडीत काढणेच शहाणपणाचे. पण ज्याची गाडी शेतातून बाजार समितीपर्यंत टोमॅटोचे क्रेट नेते आणि ज्याला नव्या पिकअपचा हप्ता पेलत नाही, त्याला आज नियम सांगतो, की जुने इंजिन पुन्हा बोअर करून तोच धूर सोडत राहा. हा माणूस कायदा मोडायला उत्सुक नसतो. त्याला कायद्यात बसणारा आणि परवडणारा रस्ता हवा असतो. तो दिला, तर त्याची गाडी चालेल, मिस्त्रीचे कौशल्य उजेडात येईल आणि त्या गाडीमागे दुचाकीवर जाणाऱ्याच्या छातीत धूरही कमी जाईल.