महासत्तेची परीक्षा फुरशाच्या दंशाशी

‘२०२० साली भारत महासत्ता होणार’ हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत पंधरा-वीस वर्षे गाजले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांनी १९९८ साली २०२० च्या भारतावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांचा भर विकसित राष्ट्रावर होता. गरिबी हटणे, शेती, शिक्षण, आरोग्य असे विषय त्यात होते. लोकांच्या तोंडी मात्र ‘महासत्ता’ हाच शब्द बसला. प्रत्यक्षात २०२० साल उजाडले ते करोनाची साथ घेऊन. आता उद्दिष्ट २०४७ वर गेले आहे. साल पुढे ढकलणे सोपे असते. महासत्ता म्हणजे नक्की काय, हे ठरवणे अवघड असते.

नेहमीच्या मोजपट्ट्या सर्वांना पाठ आहेत. अर्थव्यवस्थेचा आकार, अण्वस्त्रे, उपग्रह, सुरक्षा परिषदेतील कायमची जागा. यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर भारताची उंची वाढली आहे. अर्थव्यवस्था जगातल्या पहिल्या पाचांत गणली जाते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. हे यश खरे आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. वैद्यकशास्त्राकडे मात्र आणखी एक मोजपट्टी आहे आणि ती लावून पाहायला रत्नागिरीसारखा जिल्हा नाही.

रत्नागिरीने एकोणिसाव्या शतकातली महासत्ता जवळून पाहिली आहे. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिशांच्या आगबोटी इरावती नदीतून वर गेल्या आणि अवघ्या दोन आठवड्यांत ब्रह्मदेशाचे राज्य संपले. तिथला थिबा राजा १८८६ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्ध झाला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही शहरात उभा आहे. एवढी ताकद असलेल्या त्याच साम्राज्याला या जिल्ह्यातल्या वीतभर-हातभर लांबीच्या फुरशापुढे मात्र काही सुचले नव्हते. उपाय एकच काढला : साप मारून आणणाऱ्याला बक्षीस. १८६२ साली आठवडाभरात लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. फुरशी संपली नाहीत आणि माणसे मरायचीही थांबली नाहीत. त्या काळी सर्पविषावर औषधच नव्हते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी पहिले प्रतिविष तयार केले ते १८९० च्या दशकाच्या मध्यावर.

आज औषध आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष भारतातच तयार होते. घोड्यांना विषाची अगदी लहान मात्रा टोचत नेतात, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती शुद्ध करून कुपीत भरतात. तरीही २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात वर्षाला ८१ हजार ते १ लाख ३८ हजार मृत्यू सर्पदंशाने होतात. त्यातला फार मोठा वाटा एकट्या भारताचा आहे. मरणारे बहुतेक खेड्यातले असतात आणि त्यातले बरेच रुग्णालयात पोचलेलेच नसतात.

फुरशाचा दंश या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा पाहतो. कातळावर गवत कापताना, चिरे उचलताना, काजूच्या बागेत पाला गोळा करताना हातापायाला दंश होतो. साप लहान, जखम लहान, त्यामुळे माणूस हळद लावून किंवा मांत्रिकाकडे जाऊन घरीच बसतो. विष मात्र रक्तात काम करत असते. रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक संपत जातात. काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते आणि कधी मेंदूत रक्तस्राव होतो. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल तर प्रतिविष हवे. एवढी साधी चाचणी वीज नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

पण ती होण्यासाठी केंद्रावर डॉक्टर हजर असावा लागतो. कपाटात एक नव्हे, सुरुवातीलाच दहा कुप्या असाव्या लागतात. प्रतिविषाची तीव्र रिअ‍ॅक्शन आली तर ती सांभाळण्याचे, वेळेवर अ‍ॅड्रेनालिन देण्याचे प्रशिक्षण आणि धीर असावा लागतो. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या डोंगराळ जिल्ह्यात वाडीवरून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून केंद्रापर्यंत भर पावसात, रात्री नेणारे वाहन असावे लागते. देशातले सर्पदंशाचे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर याच चार महिन्यांत होतात. या साखळीतली एक कडी तुटली तरी चंद्रावर पोचलेल्या देशाचा नागरिक तालुक्याच्या गावापर्यंत पोचत नाही.

म्हणून देशाची ताकद तीन क्रियापदांत मोजावी : जाणणे, बनवणे आणि पोचवणे. स्वतःच्या प्रश्नाचे ज्ञान स्वतः मिळवणे, त्यावरचे साधन स्वतः बनवणे आणि ते शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे. क्षेपणास्त्रालाही हाच नियम लागू आहे आणि लशीलाही.

यावर आक्षेप येतो की जगाचे राजकारण दवाखान्यात ठरत नाही. आक्षेप पोकळ नाही. श्रीलंकेचे आरोग्य निर्देशांक दक्षिण आशियात कौतुकाचे राहिले, तरी २०२२ साली त्या देशाला इंधन घ्यायला परकीय चलन उरले नव्हते. उलट अमेरिका उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, तिथले आयुर्मान गेल्या दशकात काही वर्षे घसरलेही, आणि तरी तिच्या ताकदीबद्दल कुणाला शंका नाही. चांगले आरोग्य असले की देश आपोआप बलाढ्य होतो, असे म्हणताच येणार नाही.

पण दुसरी बाजू सोव्हिएत संघाने दाखवली. पहिला उपग्रह त्यांचा, पहिला अंतराळवीर त्यांचा, अण्वस्त्रांचा साठा अमेरिकेच्या तोडीचा. मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर तिथल्या पुरुषांचे आयुर्मान घसरू लागले आणि १९७० च्या दशकात बालमृत्यूदर वाढू लागला. सरकारने त्यावर उपाय म्हणून आकडेच प्रसिद्ध करणे थांबवले. एमान्युएल टॉड या पंचविशीतल्या फ्रेंच अभ्यासकाने १९७६ साली त्या बालमृत्यूंच्या आधारे लिहिले की ही व्यवस्था कोसळणार. तेव्हा जग रणगाडे मोजत होते. १९९१ साली सोव्हिएत संघ उरला नाही. बालमृत्यूंमुळेच तो कोसळला असे नव्हे. ताप हा रोग नसतो, तो रोगाची खूण असतो. तसेच हे होते. जी व्यवस्था अर्भकाला जगवू शकत नाही आणि ते लपवते, तिच्यात आत काहीतरी सडलेले असते.

भारताकडे या तीनपैकी ‘बनवणे’ बऱ्यापैकी आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. पुण्यात १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आज जगाला लशी पुरवते. जानेवारी २०२१ पासून भारताने अनेक देशांना करोनाची लस पाठवली. श्रीमंत देश साठे करत होते तेव्हा हे पाठवणे ही खरी ताकद होती. मात्र त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत घरच्यांना प्राणवायू पुरला नाही आणि लशीची निर्यात थांबवावी लागली. बनवणे होते, पोचवणे कमी पडले. औषधांचा कारखाना म्हणून देशाचा नावलौकिक असला तरी औषधांच्या आयात होणाऱ्या मूळ घटकांचा मोठा हिस्सा चीनमधून येतो, हेही विसरून चालत नाही.

‘जाणणे’ सर्वांत दुर्लक्षित आहे. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन २.४ टक्क्यांहून अधिक, दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास. प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे संशोधनातून दिसले आहे. मग कोकणातल्या फुरशाच्या विषावर कोकणातच काम व्हायला नको का?

हे अशक्य नाही, याचा पुरावा शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी सरकारी नोकरीत असताना विंचूदंशाच्या रुग्णांचे तासातासाला निरीक्षण केले. लाल विंचवाचा दंश झालेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीसेक तेव्हा दगावत. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले आणि मृत्यू अगदी थोड्यांवर आले. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेखन छापले, जगाने उपचार स्वीकारला, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाशेजारी बसण्याची चिकाटी आणि वही होती. देशाची ताकद अशा वह्यांतूनही वाढते.

धोरणाच्या पातळीवर काही पावले पडली आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. पण आराखड्याला पैसा लागतो. सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करायचे २०१७ च्या आरोग्य धोरणात ठरले होते; २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के होता. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. इमारती आणि जागा भरण्यापलीकडे जाऊन या महाविद्यालयाने फुरसे, विंचू, लेप्टोस्पायरोसिस या कोकणच्या आजारांचे ज्ञान निर्माण करणारे केंद्र व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

वाचकांच्या हातीही काही आहे. साप चावला तर आवळून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. तो अवयव फळीला बांधून हलणार नाही असा ठेवावा, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. आणि ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत?

उत्तर लगेच आणि खरे मिळाले तर देश योग्य दिशेने चालला आहे असे समजावे. महासत्तेचा दर्जा इतर देश देतात. पण तो टिकेल की नाही, हे अशा प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.