पान कुठलं?

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दोनचा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला की ही एकवीस अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये पुस्तकात छापलं, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.

फादर चुकले होते. १८७६ मध्ये एदुआर ल्युकाने सिद्ध केलं, की हिला भाग जातो. कशाने जातो, ते मात्र त्याला सांगता आलं नाही! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क चीटिंग वाटलं. मग ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला आणि त्याने एक गुणाकार मांडला:

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

उत्तर तीच संख्या. तो एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसला आणि सभागृहात टाळ्या पडल्या, असं सांगतात. हे अवयव शोधण्यात त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले, असंही सांगतात.

गणितवाले म्हणतील, खरं मोठं काम ल्युकाचं. असेलही. पण त्याची सिद्धता मला कळत नाही, त्याच्यावर मला विश्वासच ठेवावा लागतो. कोलवर नाही. एका रविवारी मिस्सा झाल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर तो गुणाकार केला. नऊ ओळी, शून्याची सोडून द्यायची, सातच्या तिन्ही सारख्याच. पहिल्यांदा हातचा चुकला, दुसऱ्यांदा जमलं. शोधायला तीन वर्षं, तपासायला एक दुपार.

आता आपल्या मंडळाबद्दल. बैठकीत आपण सगळे मेर्सेन असतो. ‘ही कविता बंडखोर आहे’, ‘हा लेखक संपला’. सर बोलले, सीनियर बोलले, की माना डोलतात. गेल्या सत्रात मीच एक कादंबरी स्त्रीविरोधी आहे म्हणून ठणकावून सांगितलं. फर्स्ट इयरच्या एका मुलीने शांतपणे विचारलं, ‘पान कुठलं?’ मला दाखवता आलं नाही. आणि राग आला तो तिचाच.

कविता म्हणजे गुणाकार नव्हे, हे मान्य. एकाच ओळीची दोन वाचनं बरोबर असू शकतात. पण ओळ तरी दाखवा ना! मेर्सेनने निदान नेमकी संख्या छापली होती, म्हणून तो पकडला तरी गेला. (त्याला ६१ म्हणायचं असेल, ६७ ही छपाईतली चूक, असाही एक तर्क आहे. दोनच्या ६१ व्या घातातून एक वजा केला की खरंच मूळ संख्या मिळते.) आपली विधानं इतकी गोल असतात, की ती चुकूच शकत नाहीत. म्हणून माझी सूचना: यापुढे बैठकीला येताना पुस्तक हातात हवं आणि पानावर खूण हवी. सरांसकट सगळ्यांनी.

ती कादंबरी मी पुन्हा वाचतेय, पेन्सिल घेऊन. अर्धी झाली. ते पान अजून सापडलेलं नाही.