अंगठ्याचं दुखणं आणि फ्रीझरमधल्या पोळ्या



१५ एप्रिल उलटला, टॅक्स सीझनमधून हात मोकळे झाले. आज हातांबद्दलच लिहायचंय, खरं तर अंगठ्याबद्दल. पोस्ट मोठी आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या आयांनी आणि ज्यांचे आईबाबा या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत त्यांनी वाचाच.

मागच्या वर्षी आई सहा महिने आमच्याकडे ॲन आर्बरला होती. जाण्याआधी तिने नेहमीप्रमाणे पोळ्या करून फ्रीझर भरला. मी खूश. ती गेल्यावर तिच्या ड्रॉवरमध्ये मलमाच्या तीन पिळून रिकाम्या झालेल्या ट्यूब आणि एक क्रेप बँडेज सापडलं. फोनवर विचारलं तर म्हणे, "अगं, अंगठा जरा धरतो. वय झालं आता." गंमत म्हणजे तेव्हा माझाही उजवा अंगठा ठणकत होता आणि मी नवऱ्याला सांगत होते, "काही नाही, माउसमुळे होतंय." पुढे मी एका डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनीही वयावरच बोळवण केली.

मला हे पटत नाही. ताळेबंदात एवढी मोठी रक्कम "किरकोळ" म्हणून दाखवली तर मी सही करत नाही. मग रोज बरणीचं झाकण उघडताना डोळ्यात पाणी येतंय, ते "वय" या खात्यात का टाकायचं?

अंगठा मनगटाला जिथे मिळतो, तिथला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो. म्हणून अंगठा सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तिथली कूर्चा झिजते. बायकांमध्ये, विशेषतः पाळी जायच्या सुमारास आणि नंतर, हे जास्त दिसतं. चिमटीत एक किलोचा जोर लावला की मुळाशी सुमारे बारा किलोचा भार येतो! किल्ली फिरवणं, कुकरचं झाकण, कणीक मळणं, फडकं पिळणं, फोनवर अंगठ्याने टाइप करणं... आणि आम्हा अकाउंटंट लोकांचं नंबरपॅडवरचं शून्यही अंगठ्यानेच.

सगळेच अंगठे यामुळे दुखतात असं नाही. बाळाला सतत उचलणाऱ्या नव्या आयांचं मनगटाच्या कडेला दुखतं, तो बहुधा स्नायुबंधाचा त्रास. रात्री मुंग्या येत असतील तर नस दबलेली असू शकते. आणि सकाळी तासभर बोटं आखडून राहत असतील, दोन्ही हातांचे बरेच सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी लवकर करा, तिथे उशीर महागात पडतो.

एक्स-रेवरून दुखणं किती आहे ते कळत नाही. फोटोत सांधा पार झिजलेला आणि बाई आरामात लाटतेय, किंवा उलट. हाताला काय जमतं हे माणसालाच विचारावं म्हणून आपल्या गावातल्या मिशिगन युनिव्हर्सिटीत केव्हिन चुंग यांनी १९९८ मध्ये ३७ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नाणं उचलता येतं का, किल्ली फिरते का, फ्राइंग पॅन धरता येतो का, असे साधे प्रश्न. आपण आईला "बरी आहेस ना?" विचारतो, ती "हो" म्हणते. त्याऐवजी हे विचारा.

मला खरा उपयोग झाला तो हॅन्ड थेरपिस्टचा. स्मायली बॉल दाबत बसले होते, ते तिने पहिल्यांदा बंद केलं. अंगठा आणि तर्जनीमधला भाग हलकेच मळायचा, पेला धरल्यासारखा अर्धगोल करून हात थांबवायचा, पातेलं दोन्ही तळव्यांवर उचलायचं, पिशवी बोटांत न धरता कोपरात अडकवायची. आणि अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा छोटा स्प्लिंट. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये या सांध्यासाठी स्प्लिंटची ठाम शिफारस आहे. पण धीर धरा. २००९ च्या एका फ्रेंच अभ्यासात ११२ जणांपैकी निम्म्यांना रात्री लावायला स्प्लिंट दिला होता. महिन्याने फरक दिसला नाही, वर्षाने दिसला. आपण आठवड्यात काढून ड्रॉवरमध्ये टाकतो.

डायक्लोफेनॅक जेल इथे २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेल आणि स्प्लिंट दोन्ही एचएसए-एफएसएमधून घेता येतात, पावती ठेवा (सवयीने सांगतेय!). व्हिजिटर इन्शुरन्स मात्र जुन्या दुखण्याला बहुधा पैसे देत नाही, तेव्हा आईबाबांचा एक्स-रे आणि सल्ला निघण्यापूर्वी तिकडेच उरकून घ्या. इंजेक्शन आणि ऑपरेशन हे पुढचे पर्याय. ऑपरेशननंतर हात पूर्ववत व्हायला महिने जातात, हे धरून ठरवा.

कणकेबद्दल मात्र मी भांडणार आहे. हाताने मळलेल्या कणकेशिवाय पोळी मऊ होत नाही, हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. आता फूड प्रोसेसरमध्ये मळते आणि वीस मिनिटं झाकून ठेवते. मुलांना फरक कळला नाही, नवऱ्याला कळला, त्याला म्हटलं मग तू मळ. रविवारी तोच मळतो.

आई मे महिन्यात येतेय. आल्याआल्या तिच्या हाताचं माप घेऊन स्प्लिंट मागवणार आहे. पोळ्या लाटायला तिला मी अडवू शकणार नाही, पण या वेळी फ्रीझर भरायचा नाही असं आत्ताच फोनवर सांगितलंय. ती म्हणाली, "बघू."

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा, शक्यतो अंगठ्याने नको, बोलून टाइप करा.