खेळ दोघांचा असावा

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला घेऊन जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला गेले होते, एका ओळखीच्या घरी. भातकापणीचे दिवस होते. वाघबारस नुकतीच झाली होती. या भागातले आदिवासी गुराखी त्या दिवशी वाघदेवाची पूजा करतात आणि गुरांना सुखरूप ठेव म्हणून मागणं मागतात.

कुडाच्या घरापुढे त्या घरचा मुलगा करडाशी खेळत होता. तो पळाला की करडू मागे पळायचं. तो दगडावर चढला की तेही टुणकन वर चढायचं. मग दोघांची ढकलाढकल. माझा मुलगा जरा वेळ बघत राहिला आणि त्याने विचारलं, "याला काय काय येतं? हात द्यायला शिकवलंस का?" तो पोरगा हसला. म्हणाला, "त्याला खेळायचं असलं की येतं, नको असलं की जातं." तेवढ्यात करडू खरंच आईकडे निघून गेलं, आणि तोही कोंबड्या डालग्याखाली झाकायला गेला.

परतताना एसटीत मला आमचा मिठू आठवत राहिला.

माझ्या लहानपणी आमच्या घरी पिंजऱ्यात पोपट होता. आपल्या बऱ्याच मोहल्ल्यांत असतो तसाच. आम्ही भावंडांनी त्याला सलाम करायला शिकवलं होतं. पाहुणे आले की त्याच्याकडून बोलवून घ्यायचो. बोलला नाही तर पिंजऱ्यावर टिचकी मारायचो. त्याचे पंख कापलेले होते. एका थंडीत सकाळी तो पिंजऱ्यात मरून पडलेला दिसला. आम्ही खूप रडलो. पण वर्षानुवर्षं ज्याला आम्ही खेळ म्हणत होतो, त्यात तो कधी खेळत होता का, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता यावर कुणी हजरत अबू उमैर यांची हदीस सांगेल, आणि सांगावीच. हजरत अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक चिमुकला पक्षी होता. तो मेला तेव्हा मूल उदास झालं. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी आले तेव्हा त्यांनी त्या पोराला मोठ्या माणसासारखं 'अबू उमैर' म्हणून हाक मारली आणि यमक जुळवत त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. मुलाने पक्षी पाळणं जायज आहे, असं आलिमांनी याच हदीसवरून काढलं. पण दुसरी हदीसही आपल्याला तोंडपाठ आहे: मांजरीला कोंडून ठेवणारी ती बाई. तिने मांजरीला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. परवानगी आहे, पण जबाबदारीसकट. शिवाय आपल्याकडचा रानातला हिरवा पोपट पाळणं किंवा विकणं हा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बाजारात रंगवलेली कोंबडीची पिल्लं मिळतात, तीही मुलांना घेऊन देऊ नयेत. बहुतेक पिल्लं चार दिवसांत मरतात, आणि जीव म्हणजे मोडलं की टाकायचं खेळणं, हे मूल आपल्या नकळत शिकतं.

मग मुलांनी खेळायचं काय? पुष्कळ आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मांजर असेल तर दोरीला कापडाची गुंडाळी बांधून ओढा, रिकामं खोकं उपडं ठेवा. मगरिबच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सगळ्या घराने मिळून खेळा. ती झोपली असेल किंवा खात असेल तर उठवायचं नाही, आणि शेपटी जोरजोरात आपटू लागली की खेळ संपला. घरात मांजर चालते का, असं विचारणाऱ्यांना हजरत अबू कतादा (रजि.) आठवावेत. मांजर प्यायला आली तेव्हा त्यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं तिच्यासाठी कलतं केलं होतं. शेळी असेल तर तिला कोणता पाला आधी आवडतो, बोरीचा की उंबराचा, यावर मुलांनी पैज लावावी. कोंबड्यांना दाणे चारताना कोण कुणाला टोचतं ते पाहून त्यांच्यातली थोरली ओळखावी. काहीच पाळलेलं नसेल तर मार्चपासून गच्चीवर पाण्याची परळ ठेवावी आणि कोणते पक्षी आले ते वहीत लिहावं, उर्दूत एक नाव, मराठीत एक. माझ्या वर्गात हा खेळ फार रंगतो.

कुत्र्याचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, कुत्र्याची लाळ आपल्याकडे नापाक मानतात. पण राखणीसाठी, शिकारीसाठी, गुरांसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, हे आपण मुलांना शिकवतो. मग गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणारं मूल आपण हसून का सोडून देतो? लांबून पाणी ठेवायला शिकवा. अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही, हेही शिकवा. चावला किंवा ओरखडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला न्यायचं.

शेवटी बकरी ईद. बोकड घरी आला की मुलं त्याला नाव ठेवतात, पाला चारतात, त्याच्याशेजारी झोपायचा हट्ट धरतात. "लळा लावू नको" म्हणून त्यांना दूर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. मला ते पटत नाही. ज्याचा लळाच नाही, त्याची कुर्बानी कसली? मुलांना पाणी पाजू द्या, अंग घासू द्या. फक्त पाठीवर बसून व्हिडिओ काढू देऊ नका. जनावरासमोर सुरीला धार लावणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकलं होतं, मग त्याचा तमाशा कसा चालेल? आणि त्या दिवशी मूल रडलं तर त्याचा ईमान कच्चा आहे असं म्हणू नका. त्याला जवळ घ्या.

माझा मुलगा साखरशेतहून आल्यापासून पोपट मागायचा थांबला आहे. दारात एक चितकबरी मांजर येते, तिच्यासाठी तो दोरी घेऊन बसतो. कधी ती खेळते, कधी बघतही नाही. परवा दोरी गुंडाळत आत आला आणि म्हणाला, "आज तिला नकोय."